छावणीचे भांडवल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाचे सात दिवसांचे शिबिर गडचिरोली जिल्ह्यातील एका लहानशा गावी ठरले होते. गावात शासकीय निधीतून बांधलेले एक प्रशस्त सभागृह होते आणि मुलांचा मुक्काम तेथे करावा असा आमचा बेत होता. सायंकाळी पोहोचलो तो दाराला कुलूप. किल्ली सरपंचांकडे आहे असे एकाने सांगितले, सरपंच परगावी गेले आहेत असे दुसऱ्याने, आणि किल्ली अद्याप ठेकेदाराकडेच असावी असे तिसऱ्याने. कुलपावर चढलेला गंज पाहता तिसऱ्याचेच खरे असावे. पन्नास मुलांनी ती रात्र शाळेच्या ओसरीवर काढली. सभागृहापासून हाकेच्या अंतरावर गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेले मारुतीचे देऊळ होते. पत्र्याचा साधा मंडप, शेणाने सारवलेली जमीन. पण सकाळी तेथे झाडलोट झालेली होती, पाण्याचा माठ भरलेला होता. त्याविषयी एका वृद्ध गृहस्थांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “थो हॉल सरकारचा होय जी, देऊळ आमचा.”

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला इतक्या थोड्या शब्दांत इतका मोठा धडा क्वचितच मिळतो. त्या प्रसंगाची आठवण आज होण्याचे कारण असे की, आमच्या तालुक्यातील काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांच्या मनात युवकांसाठी एक कायमचे शिबिरस्थळ उभारावे असा विचार घोळत आहे. जागा पाहून झाली आहे, नकाशाही कोणी कागदावर काढला आहे. आता प्रश्न उरला पैशाचा. तो कोठून आणावा यावर मतभेद आहेत आणि वरवर पाहता ते हिशेबाचे वाटले, तरी मुळात ते विचाराचे आहेत. याच दोन जिल्ह्यांत असा प्रश्न यापूर्वी लोकांनी कसा सोडवला हे पाहिले, तर आपली वाट काहीशी उजळेल असे वाटते.

चार शब्द, चार नाती

सार्वजनिक कामासाठी येणाऱ्या पैशाला मराठीत निरनिराळे शब्द आहेत. अनुदान, देणगी, वर्गणी आणि वाटा. नोट तीच असली तरी हे शब्द समानार्थी नव्हेत. कारण देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते प्रत्येक शब्दात वेगळे आहे. अनुदान वरून येते आणि त्याचा हिशेब वर द्यावा लागतो. देणगी बाहेरून येते. तिच्यासोबत दात्याच्या नावाची फरशी येते. वर्गणी शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून घ्यायची असते आणि तिच्यात मान-अपमानाचा थोडा अंश असतोच. वाटा मात्र ज्याचा त्याने स्वतःच ठेवायचा असतो, आणि तो ठेवणाऱ्याला त्या वस्तूबद्दल विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे मुलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या जात्यापाशी बाजूला काढलेले मूठभर धान्य गोळा केले, तो मुष्टिफंड. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. या उदाहरणांत रक्कम लहान होती, पण देणारे हात अगणित होते. आणि मूठभर धान्य घालणारी बाई ‘आमचे वसतिगृह’ असे म्हणू शकत होती. आमच्या चांद्याच्या बाजूला या परंपरेची एक निराळीच शाखा वाढली. तेथे मूठभर धान्य देण्याइतकीही ज्यांची समाजात पत नव्हती, त्यांनीच युवकांसाठी छावणी उभी केली.

आनंदवनाकडून सोमनाथकडे

बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन वसवले. आरंभीचे भांडवल म्हणून चौदा रुपये, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय एवढाच उल्लेख नेहमी केला जातो. ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो आणि तिच्यातील अर्थशास्त्र तेवढे विसरतो. भांडवल नसलेल्या माणसांजवळ श्रम होते. त्यांनी विहीर खणली, दगड फोडले, जमीन लागवडीस आणली. परंतु पीक आले तरी गिऱ्हाईक येईना. महारोग्यांच्या हातची भाजी कोण घेणार? बाजारपेठ ही केवळ मागणी-पुरवठ्याची जागा नसून ती भीतीची आणि प्रतिष्ठेचीही जागा असते, हे पाठ्यपुस्तकांत सहसा लिहिलेले नसते.

ही कोंडी फोडण्यास युवकांची एक छावणीच कारणीभूत झाली. पियेर सेरेसोल या स्विस गृहस्थाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावी निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांची श्रमछावणी भरवली होती. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या राष्ट्रांतील माणसांनी एकत्र घरे बांधावीत, ही त्यामागची कल्पना. त्यातून निघालेली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर बिहारात आली आणि १९५४ च्या सुमारास तिचे स्वयंसेवक आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती बांधल्या. मात्र त्यांनी बांधलेल्या भिंतींपेक्षा मोडलेली भिंत अधिक मोलाची ठरली. दूरदेशीची ही सुशिक्षित मुले आनंदवनची भाजी खातात, तेथील पाणी पितात, आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि भाजीला हळूहळू गिऱ्हाईक मिळू लागले. छावणीचा पहिला नफा हा असा होता.

पुढे १९६४ साली आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले. ज्या समाजाने ज्यांना गावाबाहेर काढले, त्यांनी त्याच समाजाच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय करावी, ही घटना दानाच्या रूढ कल्पनेला उलटी करणारी होती. आणि १९६७ साली मूलजवळ, ताडोब्याच्या जंगलाच्या कडेला, सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. श्रमिक विद्यापीठाची कल्पना मनात ठेवून ही जागा घेतली होती. जमीन शासनाने दिली. परंतु ती शेतीयोग्य करण्याचे, बांध घालण्याचे आणि भाताची खाचरे तयार करण्याचे काम कुष्ठमुक्तांच्या हातांनी झाले. त्यांपैकी अनेकांच्या हातांना बोटे पुरी नव्हती. याच सोमनाथला दर मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, युवकांची श्रमसंस्कार छावणी भरत आली आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली येतात, पहाटे फावडे-कुदळ घेऊन कामाला जातात, दुपारी व्याख्याने ऐकतात, रात्री वाद घालतात आणि गाणी म्हणतात.

तुटीचा हिशेब

अशा छावणीचा हिशेब आपण एकदा व्यापारी बुद्धीने मांडून पाहू. समजा, शंभर मुले सात दिवस रोज चार तास काम करतात. म्हणजे २,८०० तास, अर्थात आठ तासांचे ३५० दिवस झाले. मजुरीचा दर दिवसाला ३०० रुपये धरला तर कामाची किंमत १ लाख ५ हजार रुपये होते. पण कॉलेजच्या मुलांच्या हातांना पहिल्याच दिवशी फोड येतात. कसलेल्या मजुराच्या निम्मे काम त्यांच्याकडून झाले तरी खूप म्हणायचे. तेव्हा कामाची खरी किंमत साडेबावन्न हजार. दुसऱ्या बाजूला जेवणखाण आणि इतर सोय यांचा खर्च माणशी रोज केवळ १०० रुपये धरला तरी तो ७० हजारांवर जातो. म्हणजे या काल्पनिक छावणीला साडेसतरा हजारांची तूट आली. शिबिरार्थींकडून थोडे शुल्क घेतले तरी हिशेब जेमतेम जुळेल, आणि फावडी, निवारा, देखरेख यांचा खर्च धरला की पुन्हा मोडेल.

तात्पर्य, केवळ बांध घालायचा असेल तर मुलांना बोलावण्यापेक्षा मजूर लावणे स्वस्त. मग छावणी कशासाठी? छावणीचे उत्पादन बांध हे नसून बांध घालणारा माणूस हे आहे, एवढेच त्याचे उत्तर. शिक्षणाला तूट येणारच; प्रश्न इतकाच की ती तूट कोण भरून काढतो. सोमनाथच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना अस्वस्थ करणारे आहे. पुणे-मुंबई-नागपूरच्या सुखवस्तू घरांतील मुले ज्या जमिनीवर आठवडाभर राहतात, ती कसदार केली आणि तिच्यात भात पिकवला तो समाजाने टाकलेल्या माणसांनी. देणग्या आणि अनुदाने पुढे आली, आणि त्यांचे मोल कमी नाही. पण त्यांच्या आधी या माणसांचा वाटा तेथे पडलेला होता. बाहेरचा पैसा त्या वाट्याला येऊन मिळाला.

रॅग्नर नर्क्से यांनी १९५३ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले की, गरीब देशांतील शेतीवर जे जादा हात निरुपयोगी राहतात त्यांत बचतीची सुप्त शक्ती असते. ते हात भांडवली कामाला लावले तर पैशावाचूनही भांडवल निर्माण होईल. आम्ही हा सिद्धान्त वर्गात फळ्यावर लिहितो आणि ‘व्यवहारात अडचणी’ म्हणून खाली चार मुद्देही देतो. आनंदवन आणि सोमनाथ हे त्या अडचणींवर लिहिलेले भाष्य आहे. सुप्त शक्ती हातांत असते हे खरे, पण हातांच्या मालकाला आपण माणूस आहोत असे वाटल्यावाचून ती जागी होत नाही.

मेंढ्याचे गोटुल

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील, आणि युवकांच्या जागेच्या दृष्टीने ते अधिकच बोलके आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव. गोंड-माडिया समाजात अविवाहित तरुण-तरुणींसाठी गोटुल नावाचे घर असते. बाहेरच्यांनी त्याविषयी नको ते कुतूहल बाळगले. वस्तुतः गाणे, नाच, शिस्त, सामूहिक काम आणि वडीलधाऱ्यांचे ज्ञान नव्या पिढीकडे पोहोचवणारी ती शाळा होय. कालौघात अनेक गावांतील गोटुले मोडली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेंढ्याच्या लोकांनी आपले गोटुल पुन्हा उभारायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी ना अर्ज केला, ना वर्गणी काढली. पूर्वापार रीतीने जंगलातून लाकूड आणले आणि सर्वांनी मिळून घर उभे केले. वनखात्याने लाकूडतोड बेकायदा ठरवून ते उखडले. तेव्हा निषेध म्हणून आसपासच्या अनेक गावांनी आपापल्या गावी गोटुल बांधण्याचा निर्णय घेतला आणि अखेर खात्याला नमते घ्यावे लागले.

या प्रसंगाकडे केवळ संघर्षकथा म्हणून पाहू नये. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा अभ्यासू सहकारी यांच्या साथीने त्या गावाने पुढे जे केले ते कोणत्याही वाणिज्य महाविद्यालयात शिकवावे असे आहे. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, विषय आधी अभ्यासगटात तपासायचा, आणि मिळालेल्या मजुरीतून दहा टक्के रक्कम ग्रामकोषात जमा करायची. ग्रामकोषातला पैसा कोणाचा, याविषयी तेथे संभ्रम नाही, कारण तो कोठून आला हे प्रत्येकाला ठाऊक आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबूच्या विक्रीतून जेव्हा मोठी रक्कम गावात आली, तेव्हा ती सांभाळण्याची सवय गावाला आधीच लागलेली होती. दहा टक्क्यांच्या त्या शिस्तीने लाखांचा व्यवहार पेलण्याची तयारी करून घेतली होती. पैसा आधी आणि शिस्त नंतर असा क्रम असता, तर काय झाले असते याची कल्पना आमच्या भागातील कित्येक बंद पडलेल्या सोसायट्यांकडे पाहून करता येते.

एक आक्षेप

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो किरकोळ नाही. शहरातील मुलांसाठी क्रीडासंकुले, वाचनालये, सभागृहे करातून बांधली जातात; तेथे कोणी नागरिकाला ‘आधी तुझा वाटा काढ’ म्हणत नाही. मग जंगलातल्या माणसानेच श्रमदान का करावे? ज्यांच्या भूमीतून कोळसा, लोखंड, बांबू आणि सागवान बाहेर गेले, त्यांच्याकडेच पुन्हा वर्गणीची पेटी फिरवणे हा अन्याय नव्हे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. स्वावलंबनाचा उपदेश हे शासनाच्या अंग काढून घेण्याचे निमित्त होऊ नये. खाणींच्या उत्पन्नातून बाधित लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद २०१५ साली कायद्यात झाली. कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने आणले. हा पैसा भीक नसून येथील जनतेचा हक्क आहे आणि तो निःसंकोचपणे मागितला पाहिजे.

पण हक्काने मिळालेला पैसासुद्धा ‘आपला’ करावा लागतो. वर पाहिलेली दोन्ही उदाहरणे निव्वळ स्वावलंबनाची नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. सोमनाथची जमीन शासनाची होती; मेंढ्याचे लाकूड ज्या जंगलातले, त्या जंगलावरचा हक्क अखेरीस संसदेच्या कायद्याने मान्य झाला. म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा काम उभे राहिले आणि टिकले. एक, साधनावरचा हक्क. दुसरी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे प्रत्येकाचा वाटा. तिसरी, चारचौघांसमोर वाचला जाणारा हिशेब. पहिली गोष्ट नसेल तर श्रमदान ही वेठ होते. दुसरी नसेल तर इमारतीला कुलूप लागते. आणि तिसरी नसेल तर पुढच्या वर्षी कोणी वाटा देत नाही. सामूहिक मालमत्ता लोक स्वतःच्या नियमांनी उत्तम सांभाळू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, मेंढ्याला जंगलाचा हक्क मिळाला तो त्याच वर्षी.

आता आमच्या शिबिरस्थळाविषयी. समितीतील काहींचे म्हणणे असे की, आराखडा करून तो थेट खनिज निधीकडे किंवा एखाद्या कंपनीकडे पाठवावा. वर्षभरात इमारत उभी राहील. त्यांची घाई मी समजू शकतो. मुले आज तरुण आहेत, दहा वर्षांनी नसतील. तरीही माझी सूचना अशी आहे की, अर्ज लिहिण्यापूर्वी एक वही घालावी. ज्या गावांच्या मधोमध ही जागा आहे त्या गावांच्या ग्रामसभांत जाऊन विचारावे की असे ठिकाण तुम्हांला हवे आहे काय, आणि हवे असल्यास त्यात तुमचे काय. कोणी एक दिवसाचे काम लिहील, कोणी दोन पायल्या धान, कोणी बांबू, कोणी बैलगाडीची एक खेप. शिक्षकांनी एका दिवसाचे वेतन लिहावे, विद्यार्थ्यांनी सुट्टीतील चार दिवस. आकडा लहान निघेल याची मला खात्री आहे, आणि त्याचे मला भयही नाही. त्या वहीतील नावांची संख्या मोठी असली म्हणजे पुरे. मग ती वही अर्जासोबत जोडून हक्काचा निधी मागावा आणि दर वर्षी मेमध्ये, शिबिराच्या पहिल्या दिवशी, तीच वही सर्वांसमोर वाचावी.

त्या रात्री शाळेच्या ओसरीवर झोपलेल्या मुलांपैकी एक जण आज स्वतः शिक्षक आहे आणि आमच्या समितीतही आहे. परवाच्या बैठकीत इमारतीच्या खर्चावर बरीच चर्चा झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, “सर, किल्ली कोणाकडे राहील?” बैठक काही वेळ स्तब्ध झाली. पैसा कोठून आणायचा या प्रश्नाचे उत्तर देताना आपण त्याच्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, हे ज्या दिवशी सर्वांच्या ध्यानात येईल, त्या दिवशी कुदळ मारायला हरकत नाही.